वणव्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचीही नोंद व्हावी : रत्नागिरी जिल्हा प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, रत्नागिरी
मा. विभागीय वन अधिकारी, रत्नागिरी (चिपळूण)

विषय : खाजगी व वरकस (हलक्या, गवताळ) जमिनींवरील वणवे विझवणाऱ्या ग्रामस्थांचे प्रशिक्षण, साहित्य, विमा आणि अधिकृत नोंद यांबाबत.

महोदय,

राजापूर तालुक्यातील एका गावात माझी आंबा-काजूची बाग आहे, आणि उन्हाळ्यात सड्यावर, म्हणजे गावाच्या वरच्या कातळी माळावर, वणवा पेटला की जी दहा-बारा माणसे हातातले काम टाकून धावतात, त्यांच्यात मी असतो. वणव्याविरुद्ध जनजागृती करा, हे सांगण्यासाठी हे पत्र नाही. तशी पत्रके आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर दर वर्षी लागतात आणि शिमगा जवळ आला की त्यांच्यावर नमनाच्या प्रयोगाची जाहिरात चिकटवली जाते. हे पत्र आहे ते वणवा लागल्यानंतर त्याच्या पुढ्यात उभ्या राहणाऱ्या माणसाविषयी. हा माणूस वनखात्याचा कर्मचारी नाही, अग्निशमन दलाचा जवान नाही, रोजंदारीवरचा हंगामी अग्निरक्षकही नाही. त्याला कोणी बोलावलेले नसते, कोणी शिकवलेले नसते, आणि उद्या त्याला काही झाले तर ते कोणत्या रकान्यात लिहायचे, हे गावात कोणालाच सांगता येत नाही. तो रकाना निर्माण करावा, ही या पत्राची मागणी आहे. पुढचे सारे तिचे स्पष्टीकरण समजावे.

हा माणूस मधल्यामध्ये कसा राहिला, हे आपल्या दोन्ही कार्यालयांना ठाऊक आहे. तरी हे पत्र इतरही वाचतील म्हणून लिहितो. विदर्भात डोंगर पेटला तर तो बहुधा वनखात्याचा असतो. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातील जमीन अगदी थोडी आहे. डोळ्यांना जे रान दिसते त्यातले बहुतेक खाजगी मालकीचे आहे आणि त्यातल्या पुष्कळशा जमिनीची नोंद वरकस म्हणून आहे. एकेका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे, त्यांतली निम्मी मुंबई-ठाण्यात. अशा जमिनीतली आग विझवायला वनखाते बांधील नाही. तरीही पुष्कळदा वनरक्षक येतात, आणि त्यांच्या एकट्याकडे किती गावे असतात हे पाहिले तर ते पोचतात याचेच नवल वाटते. अग्निशमन बंब आहेत ते नगरपरिषदांकडे आणि औद्योगिक वसाहतींकडे. असा बंब लांबून निघून, घाटीचा रस्ता चढून वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत आला तरी तिथून पुढे पाखाडी (दगडी पायवाट) असते, गडगे (दगडी कुंपणे) असतात, आणि त्यापलीकडे नुसता कातळ. वर पाण्याचा थेंब नसतो. म्हणून बंब वाढवा अशी मागणी आम्ही करत नाही. घरा-गोठ्याजवळ आग आली तर त्याचा मोठा आधार आहे. सड्यावर तो पाहायलाही मिळत नाही.

कायद्याने मात्र गावकऱ्यांची आठवण फार पूर्वीच ठेवली आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ७९ नुसार राखीव किंवा संरक्षित वनात काही हक्क असलेल्या व्यक्तीने, तसेच वनालगतच्या गावातील शासनाचे वेतन घेणाऱ्या सेवकाने, वणव्याची खबर देणे आणि तो विझवण्यासाठी हातभार लावणे बंधनकारक आहे. ते काम त्याने काय शिकून करावे, अंगावर काय घालून करावे, आणि तो भाजला तर पुढे काय, याविषयी त्या कलमात अक्षर नाही. मालकी जमिनीला तर तेही कलम लागू होत नाही. तिथे आम्ही जातो ते आमच्या आमच्या कारणांनी, त्यांच्याविषयी पुढे लिहितो.

आधी हे काम कसे असते ते सांगणे आवश्यक आहे, कारण ते न पाहिलेल्यांना गवताची आग म्हणजे किरकोळ बाब वाटते. सड्यावर माती जेमतेम बोटभर असते, त्यामुळे पावसाची ओल लवकर उडते आणि डिसेंबरपर्यंत गवत वाळून पिवळे पडते; कातळावर ते गुडघ्याएवढे, तर उतारांवर कमरेपर्यंत येते. ते पेटते तेव्हा ज्वाळा फार उंच नसतात. धोका आगीच्या उंचीत नसतो, चालीत असतो. मोकळ्या सड्यावर वाऱ्याबरोबर निघालेल्या आगीपुढे धडधाकट माणूस पळून निभावेलच असे नाही, आणि चढावर तर मुळीच नाही. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा वणवे विझवणाऱ्यांचा ठोकताळा आहे, कारण ज्वाळा चढाकडे झुकून वरचे गवत आधीच तापवून ठेवतात. सड्याच्या कडेवरून खाली वहाळाकडे (ओढ्याकडे) उतरणाऱ्या अरुंद घळी यात सर्वांत वाईट. खाली जाळ आणि वर आपण, अशा घळीत कोणीही सापडता कामा नये. आणि नेमकी तीच वाट वाडीहून सड्यावर जायला जवळची असते.

किनारपट्टीवर याच्या जोडीला वारा आहे. रात्रीपासून सकाळपर्यंत मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो, थोडा वेळ पान हलत नाही, आणि मग समुद्राकडून खारा वारा सुरू होऊन दुपारपर्यंत चांगला जोर धरतो. सकाळी आठला कोणी बागेच्या पश्चिमेचा पालापाचोळा पेटवला की जाळ बागेपासून दूर, समुद्राच्या अंगाला सरकतो आणि लावणाऱ्याला आपण हुशारीने वागलो असे वाटते. अकरानंतर तोच जाळ मागे वळून आधी त्याच्याच बागेत शिरतो आणि तिथून चढाला लागतो. विझवायला गेलेल्यांचीही हीच फसगत होते. आगीची जी कड तासभर शांतपणे धुमसत होती आणि जिच्या बाजूने आपण निर्धास्त झोडपत चाललो होतो, ती अख्खी कड वारा फिरताच आगीचे तोंड बनून पुढे निघते. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात ३० जून २०१३ रोजी यार्नेल हिल येथील वणव्यात १९ प्रशिक्षित जवान मृत्युमुखी पडले, ते वादळी ढगांतून सुटलेल्या वाऱ्याने आगीची दिशा बदलल्यामुळे. आमचा खारा वारा तर उन्हाळ्यात रोजचा आहे आणि त्याची वेळ शाळेतल्या मुलालाही सांगता येते. त्याच्यामुळे कोणाचा जीव जाणे म्हणजे निव्वळ हलगर्जीपणा होईल.

आमचे मुख्य हत्यार म्हणजे अंजनीची, जांभळीची किंवा काजूची हिरवी डहाळी. ती आगीवर दाबायची असते, आपटायची नसते. जोराने आपटली की ठिणग्या उडून पाठीमागचे गवत पेटते. सुरुवात आगीच्या पाठीकडून करायची, एक पाय जळून गेलेल्या काळ्या पट्ट्यात ठेवायचा आणि दोन्ही कडा दाबत तोंडाकडे जायचे. तोंडासमोर कोणी उभे राहायचे नाही. पुढे जाऊन गवताचा पट्टा आधीच जाळून टाकण्याची युक्ती जुन्या माणसांना अवगत आहे, पण वारा ओळखणारा एकजण हुकूम देणारा असल्याशिवाय ती करू नये, कारण एकाच्या पट्ट्यात दुसरा अडकू शकतो. आग विझली असे वाटल्यावर खरे कंटाळवाणे काम उरते. जुने बुंधे, पोकळ खोडे, वाळलेले शेण तासन्‌तास धुमसत राहतात आणि रात्री वारा आला की पुन्हा पेट घेतात. त्यांच्यावर माती लोटत कोणीतरी बसून राहावे लागते. वर्तमानपत्रात फोटो येतो तो ज्वाळांचा, या बसण्याचा येत नाही.

एवढे नियम गावातल्या दोन-चार वडीलधाऱ्यांना पाठ आहेत, पण ते सांगतात ते धावतपळत, आग समोर असताना. बाहेरच्या देशांत हे ज्ञान जीव गमावून गोळा झाले आणि मग लिहून काढले गेले. अमेरिकेच्या वनसेवेने १९३७ ते १९५६ या काळातील जीवघेण्या वणव्यांचा अभ्यास करून १९५७ मध्ये दहा आदेश ठरवले. १९९१ मध्ये त्यांचे सार चार गोष्टींत मांडले गेले : उंचावर टेहळणीला एक माणूस, सर्वांचा एकमेकांशी संपर्क, आधी ठरलेली पळवाट, आणि जिथे आग पोचणारच नाही अशी जागा. यांतल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. आमच्या सड्यावर उघडा कातळ, जुनी जळीत जागा आणि मोकळे शेत अशा सुरक्षित जागा हाताशी असतात. फक्त कोणती कुठे आहे हे वर चढण्यापूर्वी दहाजणांना ठाऊक असावे लागते. मोबाइलची रेंज मात्र सड्याच्या अर्ध्या भागात नाही, म्हणून संपर्कासाठी शिट्टी तरी हवीच.

शिकलेली, खात्यातली माणसेसुद्धा यात दगावतात, हे आपल्याच देशात दिसले आहे. केरळात त्रिशूर जिल्ह्यात फेब्रुवारी २०२० मध्ये वणवा विझवताना तीन वनरक्षक कर्मचारी गेले. आपल्या राज्यात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात एप्रिल २०२१ मध्ये तीन वनमजूर आगीत सापडून मृत्यू पावले. उत्तराखंडातील बिनसर अभयारण्यात जून २०२४ मध्ये वनखात्याच्या चौघांचा जागीच अंत झाला आणि भाजलेल्यांपैकी काहीजण नंतर गेले. ही माणसे कोणत्या ना कोणत्या हजेरीपटावर होती, म्हणून त्यांच्या घरच्यांना निदान कोणाकडे जायचे ते माहीत होते.

आता आमच्या पथकाकडे पाहा. धावून येणाऱ्या तरुणांपैकी बहुतेकांच्या अंगात टेनिस क्रिकेटच्या स्पर्धेतली पॉलिस्टरची जर्सी असते, तिच्या पाठीवर नाव आणि आकडा. असे कापड आगीच्या धगीने वितळून कातडीला चिकटते आणि जखम खोल करते. त्यापेक्षा जुना सुती सदरा शंभर पटीने बरा. पायात रबरी चपला, कारण घरून निघताना बूट शोधायला वेळ नसतो. तोंडाला ओला पंचा बांधला की धुरापासून बचाव झाला अशी सर्वांची समजूत आहे. ओल्या पंचाने राख अडते आणि घशाला बरे वाटते, पण धुरातले अतिसूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड वायू त्यातून सरळ आत जातात. त्या वायूला वास नसतो. डोके जड होते, माणूस चिडचिडा होतो, आणि नेमका अशा वेळी चुकीचा निर्णय घेतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये आग विझवण्याचा व्यवसाय हाच कर्करोगकारक म्हणून नोंदला आहे. वर्षातून काही वेळा वर जाणाऱ्यांना तेवढी भीती नसेल, पण एकाच उन्हाळ्यात आठवड्यामागून आठवडे धूर खाणारी माणसेही गावोगाव आहेत. बागांचे नेपाळी राखणदार त्यांत पहिले. बागेतल्या मांगरात (झोपडीत) राहतात, आग त्यांनाच आधी दिसते, आणि आमच्यापैकी कोणी पोचेपर्यंत ते एकटेच झुंजत असतात. गावच्या कोणत्याही यादीत त्यांचे नाव आजवर मी पाहिलेले नाही.

आगीखेरीज सड्याचे स्वतःचे धोके आहेत. वारा मंदावतो आणि हवेत दमटपणा वाढतो म्हणून आम्ही पुष्कळदा दिवेलागणीनंतर विझवायला जातो, आणि तेच शहाणपणाचे आहे. पण अंधारात, धुरात चालताना सोडून दिलेल्या चिरेखाणी दिसत नाहीत. जांभा काढून झाल्यावर तशीच उघडी ठेवलेली ही चौकोनी खोल खाण म्हणजे दहा-पंधरा फुटांचा सरळ कडा असतो, आणि तिच्या काठावर गवत वाढलेले असते. फुरसे या विषारी सापासाठी तर आमचा कातळ प्रसिद्धच आहे. दगडांखाली आणि गडग्यांच्या फटींत राहणारी फुरशी धगीने बाहेर पडतात आणि रबरी चपलेतल्या पायाला भेटतात. झाडावर आग्या माश्यांचे पोळे असेल आणि त्याला धूर लागला, तर आग सोडून पळण्याखेरीज दुसरा उपाय नाही. विजेच्या उच्च दाबाच्या तारांखाली दाट धूर असेल तर तारेतून जमिनीकडे विजेचा झोत येऊ शकतो, म्हणून त्या पट्ट्यात वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जाऊ नये. पण वीज बंद करायला कोणाला फोन करायचा आणि तो किती वेळात उचलला जाईल, हे त्या त्या दिवसाच्या नशिबावर असते.

मग माणसे जातात कशाला, असा प्रश्न आपल्या मनात येईल. पहिले कारण सरळ स्वार्थाचे आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. हापूसचे कलम चांगले उत्पन्न द्यायला आठ-दहा वर्षे घेते. ऐन फळधारणेत त्याच्या बुंध्याची साल भाजली की झाड मेले नाही तरी काही वर्षे मागे जाते. काजूच्या बागेत तर बोंडे पडायच्या दिवसांतच वणव्याचे दिवस असतात आणि खाली पाचोळ्याचा थर. गवताची उडवी जळाली की गुरांच्या पावसाळ्यापर्यंतच्या चाऱ्याचा प्रश्न उभा राहतो. फळपीक विम्यात अवेळी पाऊस, तापमान, वेगाचा वारा, गारपीट असे हवामानाचे धोके धरलेले आहेत; शेजारच्या वरकसातून आलेली आग त्यांत बसत नाही. ज्याचे नुकसान भरून येणार नाही, तो धावतोच.

पण ज्यांची बाग नाही, ज्यांची जनावरे नाहीत, तेही धावतात. एका उताराचे उदाहरण देतो. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला एका उतारावर गेली काही वर्षे आम्ही आग पोचू दिलेली नाही. पूर्वी तिथे नुसते गवत होते. आता करवंदी आणि तोरणांची जाळी उभी राहिली आहे, तिच्या आडोशाला अंजनी, जांभूळ, रानआंब्याची रोपे आहेत, आणि गुरे शिरू शकत नाहीत म्हणून ती वाढत आहेत. मे महिन्यात वाडीतल्या बायका तिथली करवंदे द्रोणांत भरून हमरस्त्यावर विकतात. घरखर्चाला तेवढाच हात लागतो. वणव्याच्या दिवसांत टिटव्यांची अंडी उघड्या कातळावर, खड्यांसारखी पडलेली असतात. एकदा आग अलीकडे दाबून झाल्यावर एक मुलगा त्या अंड्यांवर कोणाचा पाय पडू नये म्हणून अर्धा तास तिथेच उभा राहिला, आणि वरून टिटवी त्याच्याच डोक्यावर झेपा घेत ओरडत होती. सगळे त्याला हसत होते. याच सड्यांवर कातळशिल्पे आहेत, २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत त्यांचे नाव आहे, आणि त्यांच्या वाटा ठाऊक असलेली मुले म्हणजे बहुतांशी आगीमागे सडा तुडवणारी हीच मुले. एरवी बांधाच्या वादावरून एकमेकांशी न बोलणारे दोन चुलतभाऊ मी एकाच कडेवर झोडपताना पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बोलेनासे झाले, हेही नमूद करतो. आग आटोक्यात आल्यावर कोणीतरी घरून आणलेला कोकम सरबताचा कॅन फिरतो, कोण कसा घाबरला याच्या नकला होतात, आणि पुढच्या वेळी बोलवायला लागत नाही. या कामाचा मोबदला म्हणाल तर तो असा आहे, आणि तो खरा आहे. त्याच्या भरवशावर शासनाने मात्र राहू नये.

आग लावणारे कोण, हा भाग मी टाळणार नाही, कारण बातम्यांत नेहमी अज्ञात समाजकंटक असतात आणि गावात ते अज्ञात नसतात. भातरोपांसाठी तरव्याच्या (रोपे तयार करायच्या) जागी कवळ (तोडलेल्या डहाळ्या), पाचोळा, शेण टाकून केली जाणारी भाजावळ ही शेतीची जुनी रीत आहे, आणि ती करणारा शेतकरी बहुतेक वेळा पाणी-माती घेऊन शेजारी उभा असतो. जास्त धोका आहे तो बागेची सफाई घाईने उरकणाऱ्यांचा, शिकारीसाठी रान पेटवणाऱ्यांचा, मधासाठी पेटता पलिता घेऊन फिरणाऱ्यांचा, आणि रस्त्याच्या कडेला विडी टाकणाऱ्यांचा. जाळले की गवत चांगले येते ही समजूतही आहे. कोंब लवकर आणि हिरवेगार दिसतात हे खरे. पण जिथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि माती बोटभर आहे, तिथे उघड्या कातळावरची राख जूनच्या पहिल्या सरींतच मातीला सोबत घेऊन वहाळात जाते. निष्काळजीपणे आग लावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली गुन्हा आहे. तो एकदोनदा तरी नोंदवला जावा. त्याहून उपयोगाचे म्हणजे, भाजावळ किंवा सफाई कोण कोणत्या दिवशी करणार याची ग्रामपंचायतीत आधी साधी नोंद व्हावी, ती खाऱ्या वाऱ्यापूर्वी पूर्ण विझलेली असावी, आणि त्या सकाळी पथकातले दोघे तिथे असावेत. बंदी घालून भाजावळ थांबणार नाही. ती चोरून, भलत्या वेळी होईल.

आता प्रशासनाकडून काय अपेक्षित आहे ते लिहितो. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ३१ नुसार जिल्ह्याचा आराखडा दर वर्षी अद्ययावत करायचा असतो. पूर, दरड आणि चक्रीवादळ या आपल्या जिल्ह्याच्या ठळक आपत्ती आहेत. जून २०२० चे निसर्ग वादळ आणि जुलै २०२१ चा चिपळूणचा महापूर कोणी विसरलेले नाही. त्या आराखड्यात मालकी जमिनींवरील वणव्याचे स्वतंत्र प्रकरण असावे, आणि त्यात गावाच्या पथकातील माणसांची नावे, राखणदारांसह, ग्रामपंचायतनिहाय जोडलेली असावीत. २०१६ मध्ये सुरू होऊन २०२१ पासून साडेतीनशे जिल्ह्यांपर्यंत वाढवलेल्या आपदा मित्र योजनेत स्वयंसेवकाला प्रशिक्षण, साहित्य आणि विमा मिळतो. त्याच धर्तीवर वणवा पथकाला डिसेंबर-जानेवारीत, गवत अजून न पेटलेले असताना, प्रत्यक्ष सड्यावर दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे. शिकवायला बाहेरून तज्ज्ञ आणण्याची गरज नाही. वनखात्यातील अनुभवी वनपाल आणि आमच्याकडचे जुने लोक मिळून ते उत्तम करतील.

साहित्याची यादी लहान आहे. चामडी बूट, पूर्ण बाह्यांचे जाड सुती कपडे, हातमोजे, डोक्यावरचा दिवा, शिट्ट्या, पाण्याचे कॅन, भाजल्यावर आणि सर्पदंशावर करायच्या प्रथमोपचाराची पेटी, आणि दर गावाला पाला उडवणारे एक-दोन ब्लोअर, जे वनखाते स्वतःच्या क्षेत्रात वापरतेच. ज्या जमिनीपर्यंत गाडी जाते तिथे आमच्याकडे फवारणीचे एचटीपी पंप आणि दोनशे लिटरचे पिंप आधीच आहेत. मोहोरावर फवारायला घेतलेले हे पंप आगीवर फार उपयोगी पडतात, मात्र पिंपातले औषध पूर्ण धुऊन घेतल्याशिवाय ते वापरू नयेत, नाहीतर वाफेतून विष अंगावर येते. एवढी सूचनासुद्धा कृषी सहायकांमार्फत बागायतदारांना गेली तर काम होईल. दिवाळीनंतर लगेच बागांच्या आणि वाड्यांच्या कडेने, गडग्याला लागून, गवत कापून पट्टे काढण्यासाठी ग्रामपंचायतीला थोडा निधी मिळावा. आग लागल्यावर माणसे धावण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे. सोडलेल्या चिरेखाणींना कठडा घालण्याची अट परवान्यातच घालून ती पाळली गेली की नाही हे पाहावे.

उपग्रहावरून मिळणाऱ्या इशाऱ्यांविषयी एक शब्द. भारतीय वन सर्वेक्षण संस्था आग दिसताच नोंदणीकृत मोबाइलवर संदेश पाठवते, आणि ही सोय चांगली आहे. पण तो उपग्रह आमच्या डोक्यावरून साधारण दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास जातो, आणि त्याला जमीन ३७५ मीटरच्या चौकोनांत दिसते. सड्यावरचे गवत दोन तासांत जळून जाते. सायंकाळी चारला लागून सहाला संपलेली आग त्याच्या नजरेत येईलच असे नाही. म्हणून नोंद झालेल्या आगींच्या आकड्यावरून आमच्या तालुक्यात वणवे कमी आहेत असा निष्कर्ष कृपया काढू नये. वनखात्याची १९२६ ही मदतवाहिनी मालकी जमिनीच्या आगीसाठीही तितक्याच तत्परतेने वापरता यावी, आणि त्या फोनची नोंद त्याच दिवशी तहसील कार्यालयाकडे व वीज वितरणाच्या स्थानिक शाखेकडे जावी, अशी व्यवस्था करता येईल.

आणि अखेरची मागणी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत, मदतकार्यात किंवा पूर्वतयारीत सहभागी असताना मृत्यू आलेल्या व्यक्तीच्या वारसांनाही ४ लाख रुपये देण्याची तरतूद आहे. मालकी जमिनीवरचा वणवा विझवणे हे या अर्थाने मदतकार्यच आहे, असे जिल्हा प्राधिकरणाने परिपत्रक काढून आधीच स्पष्ट करावे. घटना घडल्यावर विधवेने पंचनाम्याच्या प्रती घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरावे आणि जमीन कोणाची होती, तो तिथे कोणाच्या सांगण्यावरून गेला होता, अशा प्रश्नांना उत्तरे द्यावीत, ही वेळ येऊ नये. मृत्यूखेरीज भाजणे, पडणे, सर्पदंश यांच्या उपचारासाठी नोंदणीकृत पथकातील प्रत्येकाचा वार्षिक गट विमा उतरवावा. तो हप्ता जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात दिसणारही नाही इतका लहान असेल.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या गावाचे वणवा पथक ठरावाने स्थापन करण्याचा आमचा विचार आहे, आणि त्या ठरावात सदस्यांची यादी, सुरक्षित जागांचा नकाशा आणि टेहळणीच्या जागा जोडलेल्या असतील. आपल्या कार्यालयांनी त्याआधी ठरावाचा नमुना आणि यादी पाठवण्याचा पत्ता कळवला, तर आसपासच्या गावांनाही त्याच नमुन्यावर ठराव करता येतील. शक्य झाल्यास त्या ग्रामसभेला वनखात्याचा एक प्रतिनिधी पाठवावा. सभा सकाळी ठेवू, म्हणजे नंतर त्यांना सडा दाखवता येईल.

आपला विश्वासू,
एक बागायतदार,
तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी